संडास बिघडला तर : आपला हात की मिस्त्रीचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणी स्त्रीशिक्षणावर बोलते, कुणी बचतीवर, कुणी मुलांच्या आहारावर. चिटणीसबाईंनी मला विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "संडासावर." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बोला, पण जेवणाच्या आधी नको!" म्हणून हा दुपारच्या चहानंतरचा वेळ माझ्या वाट्याला आला आहे.

हसा, अवश्य हसा. पण घरातला संडास बिघडला की पहिली अडचण कुणाची होते, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. पुरुष माणूस तांब्या घेऊन कुठेही निघून जातो. घरातल्या लेकीसुनांनी, म्हाताऱ्या सासूने, बाळंतिणीने कुठे जावे? तेव्हा हा विषय आपलाच आहे, आणि त्याबद्दल चारचौघींत बोलण्याची लाज वाटू नये, असे मला नम्रपणे सांगावयाचे आहे.

माझे माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातले. सासर मंचरच्या बाजूला, बागायतीतले. माहेरी खड्ड्याचा संडास, सासरी टाकीचा. दोन्हींच्या खोड्या मी पाहिल्या आहेत. काही माझ्या हातून दुरुस्त झाल्या, काही माझ्याच हातून वाढल्या. त्या अनुभवातून आज तीन गोष्टी सांगते. एक, जे काम आपण स्वतः करावे. दुसरी, ज्यासाठी मिस्त्रीला बोलवावे. आणि तिसरी, जे काम आपणही करू नये व दुसऱ्या कुठल्या माणसालाही करू देऊ नये.

प्रथम घरच्या कामाचे. आमच्या शेजारच्या मावशी एकदा पंढरीच्या वारीला गेल्या. घर जवळजवळ महिनाभर बंद. परत येऊन पाहतात तो घरभर दुर्गंधी. त्यांनी नारायणगावाहून मिस्त्री बोलावला. त्याने एक बादली पाणी भांड्यात ओतले, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मावशी, झाली दुरुस्ती. चहा तेवढा पाजा." कारण साधे होते. भांड्याच्या खाली जी वाकडी नळी असते तिच्यात नेहमी थोडे पाणी साचलेले राहते, आणि तेच पाणी खालची हवा वर येऊ देत नाही. खेडेगावातल्या नेहमीच्या भांड्यात हे पाणी अवघे दोन सेंटीमीटर असते. घर बंद राहिले की ते वाळते आणि वास, झुरळे, डास यांना वाट मोकळी होते. गावाहून परतल्यावर आधी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी खोडी फ्लशच्या टाकीची. आमच्या टाकीतून भांड्यात पाण्याची बारीक धार सारखी लागलेली असे. मिस्त्री म्हणे, "उद्या येतो, वहिनी." अशा आठ उद्या गेल्या. त्याचाही दोष नव्हता. बांधकामाच्या दिवसांत एका वायसरसाठी कोण येणार? शेवटी जाऊबाई आणि मी, दोघींनी टाकीचे झाकण उचलले. आत पाहिले तर घाबरण्यासारखे काहीच नाही! पाणी भरणारा एक कॉक, त्याला जोडलेला तरंगता चेंडू, आणि बुडाशी एक रबरी झाकण. चेंडू वर उचलला की कॉकने पाणी बंद केले पाहिजे. पाणी बंद न होता मधल्या उभ्या नळीतून वाहून जात असेल, तर चेंडू थोडा खाली घ्यावा. तरी पाणी थांबले नाही, तर कॉकातले वायसर झिजले आहे असे समजावे. बुडाचे झाकण गळते की नाही हे पाहावयाचे असेल, तर टाकीत चिमूटभर नीळ टाकावी आणि अर्धा तास कुणी फ्लश ओढू नये. भांड्यात निळे पाणी उतरले म्हणजे चोर सापडला.

आमचा चोर बुडाचाच निघाला. आपल्याकडे कातळ काळा आणि विंधनविहिरीचे पाणी कित्येक ठिकाणी क्षारांचे. भांड्यांवर जसा पांढरा थर बसतो, तसाच रबरावर बसतो, आणि मग रबर नीट टेकत नाही. टाकीचा बाहेरचा कॉक बंद केला, पाणी काढून टाकले, रबर सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवले आणि जुन्या दातघासणीने पुसून काढले. दोन महिने बरे चालले. मग रबरच कडक झाले, तेव्हा दुकानात जुना तुकडा दाखवून तसलाच नवा आणला. नुसत्या नावाने सामान आणावयास गेले तर हमखास चुकीचे येते, म्हणून जुना तुकडा पिशवीत घालूनच निघावे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा थेंबांचे काय? हिशेब करून पाहा. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला ८६,४०० थेंब. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. म्हणजे दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक, आणि ही तर नुसती टपटप. आमच्याकडे धार होती. एका रात्री मी कॉक बंद करून टाकीच्या आत पेन्सिलीने पाण्याची खूण केली. सकाळी टाकी निम्मी झाली होती. कॉक उघडा असता तर ती रात्रभर भरत आणि गळत राहिली असती. माझ्या माहेरच्या वाडीत उन्हाळ्यात बायका पंधरा लिटरांचा हंडा डोक्यावर घेऊन चढ चढतात. खाली धरण दिसते, पण पाणी वर यावयाचे ते मानेच्या बळावर. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी किंवा नाणेघाटातली खोदीव टाकी आपण मुलांना कौतुकाने दाखवतो. ती खोदणाऱ्यांना पाण्याची किंमत कळली होती. ती आपल्याला आपल्या न्हाणीघरातही कळली पाहिजे.

घरच्या कामांत आणखी एक काम धरा. मैलाटाकीला हवेची जी उभी नळी असते, तिच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुने पातळ कापड बांधावे. डास टाकीत वाढतात आणि त्या नळीवाटे बाहेर पडतात. शिडीवर चढण्याची ज्यांना सवय नाही त्यांनी मात्र हे काम घरातल्या तरुण मुलाला सांगावे.

आता माझ्या फजितीचे. एका पावसाळ्यात आमचा संडास तुंबला. टाकी दुरुस्त केल्यापासून मी स्वतःला अर्धी मिस्त्री समजू लागले होते. बाजारातून ॲसिडची बाटली आणली, ओतली. काही होईना. मग लोखंडी गज घातला आणि जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. खालच्या वाकड्या नळीला तडा गेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! जे काम एका भेटीत झाले असते, त्यासाठी फरशी फोडावी लागली, भांडे काढावे लागले आणि घरात चार दिवस सिमेंट-वाळूचा पसारा झाला.

मिस्त्री आला तेव्हा त्याने हत्याराला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "वहिनी, फक्त संडास तुंबलाय की मोरीचं पाणीही जात नाही?" हा प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर गज घातलाच नसता. तो आपण सर्वजणी लक्षात ठेवू. नुसते भांडे तुंबले असेल, तर अडथळा भांड्याजवळ आहे. काठीला जुने कापड घट्ट गुंडाळावे, वर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि भांड्याच्या तोंडाशी दट्ट्यासारखे मागेपुढे करावे. बहुधा तेवढ्याने मोकळे होते. पण मोरीही तुंबली, बाहेरचे चेंबर भरून वाहू लागले, किंवा पाणी ओतले की दुसऱ्याच ठिकाणी गुडगुड होऊ लागले, तर अडथळा पुढे आहे. तिथे आपला हात थांबला पाहिजे. तसेच भांड्याला तडा, भिंतीत ओल, जमिनीखालची नळी, नळीचा उतार ही सगळी कामे मिस्त्रीची. त्यांत वाचवलेले शंभर रुपये हजारांनी परत द्यावे लागतात, हे मी अनुभवाने सांगते.

ॲसिडविषयी एक गोष्ट हात जोडून सांगते. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर, जिला आपण टीसीएल म्हणतो, ही दोन्ही कधीही एकत्र करू नका, आणि एकामागोमाग एकही ओतू नका. त्यांतून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसे जाळतो. शिवाय ॲसिड फार ओतले, तर मैला कुजवणारे जे सूक्ष्म जीव टाकीत असतात तेही मरतात, आणि टाकी लवकर भरते. आणि भगिनींनो, आपसांतली गोष्ट म्हणून सांगते : पाळीची पॅडे, लहान मुलांचे डायपर, चिंध्या, केसांचे गुंतवळ संडासात टाकू नका. आमच्या नळीतून मिस्त्रीने जे काढले, ते पाहून मला मान वर करवेना.

मिस्त्रीला बोलवावयाचे, तेही शहाणपणाने. काय होते, केव्हापासून होते, कुठे होते हे आधी सांगावे. मजुरी आणि सामान यांचे आकडे वेगवेगळे विचारावेत. काम चालू असता जवळ उभे राहून पाहावे. चांगला कारागीर त्याने रागावत नाही. आणि नळ्या कुठून गेल्या, चेंबर कुठे, टाकीचे झाकण कुठे, याचा कागदावर नकाशा काढून तो शिधापत्रिकेबरोबर ठेवावा. आमच्या घरी टाकीचे झाकण शोधण्यातच अर्धा दिवस गेला.

कारण दुखणे शेवटी टाकीत निघाले. घर बांधून अकरा वर्षे झाली होती आणि टाकी एकदाही उपसली नव्हती. साधारण दोन-तीन वर्षांनी ती उपसावी लागते, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मिस्त्री म्हणाला, "यंत्राची गाडी बोलवा." गाडी दोन दिवसांनी येणार होती आणि तिचा दरही बराच होता. इतक्यात शेजारून कुणी सुचवले, "एक माणूस आहे, आत उतरून बादलीने उपसून देईल. निम्म्यात काम होईल." हे म्हणाले, "बोलावून तर पाहू." मी गप्प राहिले. मनात मी पैशांचा हिशेब करीत होते.

त्या दिवशी तो माणूस आला नाही. संध्याकाळी माझा मुलगा शर्ट काढून उभा राहिला. "पाच मिनिटांचं काम आहे. मीच उतरतो." मी किंचाळलेच. पण त्याला रोखले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांनी आपली खुर्ची उचलली, थेट टाकीच्या झाकणावर मांडली आणि तीवर बसल्या. मुलगा म्हणाला, "आजी, ऊठ ना." त्या म्हणाल्या, "आधी मला उचल, मग झाकण उचल." आजीला कोण उचलणार? तो मुकाट्याने घरात गेला.

रात्री भाकरी थापताना सासूबाईंनी मला विचारले, "तो माणूस उतरणार होता, तेव्हा तू का गं नाही ओरडलीस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. भगिनींनो, आजही नाही. त्या माणसाची बायको कांद्याच्या काढणीला माझ्याबरोबर येते. एका फडक्यातली भाकरी आम्ही खाल्ली आहे. माझ्या मुलाच्या जिवासाठी मी किंचाळले, आणि तिच्या नवऱ्याच्या जिवाचा मी निम्म्या दरात सौदा करीत होते.

त्या टाकीत काय असते, ते मी नंतर समजून घेतले. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निघतात, आणि आत प्राणवायू फार कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. उतरणारा एक-दोन श्वासांतच कोसळू शकतो, आणि त्याला काढावयास दुसरा उतरला की तोही पडतो. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकणाजवळ काडी किंवा दिवाही नेऊ नये. अशा प्रसंगी कुणी पडलेच, तर आपण उतरू नये. बाहेरून मदत बोलवावी.

कायदाही स्पष्ट आहे. पहिला कायदा १९९३ सालचा. त्यानंतरच्या २०१३ सालच्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैलाटाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण रक्कम कितीही झाली तरी ती बाई माझ्याशेजारी बसून कांदे काढताना काय बोलणार होती?

आम्ही दोन दिवस थांबलो. शेजारणीने आपला संडास आम्हांला वापरू दिला. गाडी आली, नळी आत सोडली, तासाभरात काम झाले. गाडीवाल्याला मी एवढेच विचारले, "दादा, हे नेऊन टाकणार कुठे?" हा प्रश्न आपण सर्वजणींनी विचारावा. नाहीतर आपली घाण घोड, मीना किंवा कुकडीच्या पात्रात जावयाची आणि खालच्या गावच्या बहिणींच्या हंड्यात परत यावयाची.

डोंगराकडच्या भगिनींसाठी दोन शब्द. तुमच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल, तर तो या बाबतीत आमच्या टाकीपेक्षा बरा. एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा. तो भरला की मधल्या चेंबरात वीट आणि माती लावून त्याची वाट बंद करावी आणि दुसऱ्याची उघडावी. हे काम घरचे. पुष्कळ ठिकाणी गवंडी दोन्ही वाटा उघड्याच ठेवतो, मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात; म्हणून आजच घरी जाऊन चेंबर उघडून पाहा. बंद केलेला खड्डा किमान एक वर्ष, पाणथळ जागी त्याहून अधिक काळ, तसाच राहू द्यावा. त्याचे कोरडे, बिनवासाचे सोनखत होते. ते वरून फावड्याने काढून शेतात घालावे. ओला खड्डा मात्र कुणी उघडू नये, त्यात कुणी उतरू नये.

कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपास केला होता. पुढे त्यांनी स्वस्त, सोप्या संडासांचा ध्यास घेतला. आपल्याच जिल्ह्यात देहूला डॉ. मापुसकरांनी तेच काम आयुष्यभर चालविले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माणसाचा मैला दुसऱ्या माणसाला हाताने उचलावा लागू नये, हाच त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. आपल्या घरची टाकी त्यातून सुटलेली नाही.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, मंडळाने हत्यारांची एक पेटी घ्यावी : एक पाना, एक पक्कड, एक स्क्रू-पिळणी, नळाच्या आट्यांना लावण्याची पांढरी टेप, चार प्रकारची वायसरे आणि एक रबरी दट्ट्या. जिला लागेल तिने न्यावी, सही करावी आणि धुऊन परत आणावी. दोन, आयटीआयमध्ये नळ-कारागिरीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आपल्यापैकी कुणाची मुलगी तो शिकत असेल तर तिला नावे ठेवू नका. घरात बायकाच असताना परका पुरुष न्हाणीघरात बोलवण्याचा संकोच ज्यांना वाटतो, त्या तिला दुवा देतील.

आणि गाडीचा खर्च एकटीला जड वाटत असेल, तर आळीतल्या चार घरांनी एकाच दिवशी गाडी बोलवावी. आम्ही आता तसेच करतो. तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असते. सासूबाई आज आमच्यात नाहीत. पण गाडी यावयाच्या दिवशी मुलगा आठवणीने त्यांची खुर्ची अंगणात, झाकणापासून दूर, मांडून ठेवतो.